पोलिसांच्या बजेटमधले पैसे संकट-पथकाकडे वळवायचे, तर हिशेब कसा मांडायचा?

वडाचीसावली यांचा प्रश्न:

नमस्कार मंडळी. अमेरिकेच्या मिडवेस्टमधलं दीडेक लाख वस्तीचं शहर. पुढच्या वर्षाच्या बजेटवर जनसुनावणी लागली आहे. एक गट म्हणतो, पोलिसांच्या तरतुदीतले ठरावीक टक्के सरळ कापा आणि ते मानसिक आरोग्य, निवारा, तरुणांचे कार्यक्रम यांना द्या. दुसरा गट म्हणतो, एक डॉलरही हलवायचा नाही. मध्ये एक प्रस्ताव आहे: एक व्हॅन, दोन माणसं, चोवीस तास. मानसिक त्रासातल्या माणसासाठी ९११ ला (इथला आणीबाणीचा फोन) कॉल आला तर बंदूकधारी पोलिसाऐवजी हे पथक जाईल.

इथली काही मराठी कुटुंबं सुनावणीत बोलणार आहेत. प्रत्येकाला तीन मिनिटं मिळतात. 'पोलिस हवेत की नकोत' हा वाद इथे घालायचा नाहीये. असं पथक खरोखर किती खर्चाचं असतं, पैसे पोलिसांच्या बजेटमधून सुटतात का, आणि २०२० नंतर ज्या शहरांनी हे केलं तिथे नेमकं काय बिनसलं, हे जाणकारांनी सांगावं. भारतात असं काही झालं असेल तर तेही.

---

जमाखर्च:

आधी माणसांचा हिशेब करा, कारण प्रस्तावात तोच नेहमी कमी धरलेला असतो.

वर्षाचे तास ८,७६०. एक कर्मचारी कागदावर २,०८० तास काम करतो. सुट्ट्या, आजारपण आणि प्रशिक्षण वजा जाता हाती साधारण १,७५० तास येतात. म्हणजे एक खुर्ची चोवीस तास भरलेली ठेवायला पाच माणसं लागतात. पथकात दोन खुर्च्या, म्हणून दहा माणसं. वर एक पर्यवेक्षक. समजा पगार, विमा, निवृत्तीची वर्गणी धरून माणशी ९५,००० डॉलर पडले, तर दहांचे साडेनऊ लाख. पर्यवेक्षक, व्हॅन, रेडिओ, औषधोपचाराची जबाबदारी घेणारा डॉक्टर, दायित्व विमा हे सगळं धरलं की आकडा बारा-तेरा लाखांवर जातो. प्रस्तावात 'एक व्हॅन, दोन माणसं' म्हणून दोन पगार धरलेले दिसले तर तिथेच बोट ठेवा. असं पथक चार महिन्यांत दिवसपाळीपुरतं उरतं, आणि फोन तर संध्याकाळी आणि रात्री जास्त येतात.

आता पैसे सुटतात का? इथे दोन्ही गटांची गफलत होते. पोलिस खात्याचा बहुतेक खर्च म्हणजे पगार, पेन्शन, आरोग्यविमा. वर्षाला दोन हजार कॉल पथकाकडे गेले म्हणून एकाही पोलिसाचा पगार कमी होत नाही. त्याचे तास मोकळे होतात, पैसे नाही. पैसे सुटायच्या जागा तीनच: रिक्त पदं, ओव्हरटाइम, आणि गणवेशाची गरज नसलेली कामं बिगरपोलिस कर्मचाऱ्यांकडे देणं. त्यातही रिक्त पदांचे पगार बहुधा आधीच ओव्हरटाइममध्ये जिरलेले असतात. म्हणून शहराकडे गेल्या तीन वर्षांची मंजूर पदं, भरलेली पदं, ओव्हरटाइमची तरतूद आणि ओव्हरटाइमचा प्रत्यक्ष खर्च हे चार रकाने शेजारी शेजारी मागवा. हे चार आकडे समोर नसताना 'दहा टक्के कापा' किंवा 'काहीच कापू नका' म्हणणं, दोन्ही अंधारात दगड मारणं आहे.

टेक्ससमधल्या ऑस्टिन शहराचं उदाहरण नीट पाहण्यासारखं आहे. ऑगस्ट २०२० मध्ये तिथल्या कौन्सिलने (नगरपरिषदेने) ४३ कोटी ४० लाख डॉलरच्या पोलिस बजेटमधून सुमारे १५ कोटी, म्हणजे एक तृतीयांश, काढले अशी बातमी जगभर गेली. आत काय होतं? लगेच कापलेली रक्कम साधारण दोन कोटी, आणि तीही मुख्यतः नव्या भरतीच्या तुकड्या थांबवून. सुमारे आठ कोटी म्हणजे न्यायवैद्यक प्रयोगशाळा, ९११ चं कॉल सेंटर असे विभाग पोलिसांकडून काढून दुसऱ्या खात्याखाली नेण्याचे. तीच माणसं, तेच काम, फक्त पाटी बदललेली. उरलेले पाचेक कोटी 'पुढे विचार करू' या खात्यात.

फटका मात्र खरा बसला तो थांबवलेल्या भरतीचा. एक तुकडी चुकली की माणसांचा तुटवडा वर्ष-दीड वर्षाने रस्त्यावर दिसतो. तोवर टेक्सस विधिमंडळाने २०२१ मध्ये हाउस बिल १९०० मंजूर केलं: अडीच लाखांवर वस्ती असलेल्या शहराने पोलिसांचं बजेट घटवलं तर राज्य त्याच्या महसुलावर गदा आणणार. ऑस्टिनने त्याच वर्षी बजेट ४४ कोटींच्या वर नेलं, आधीपेक्षाही जास्त. तेव्हा तुमच्या राज्यात असा कायदा आहे का, हे आधी शहराच्या वकिलाला विचारा.

शहराची सनदही बघा, म्हणजे शहराचा कारभार ज्या मूळ नियमांनी चालतो ती. मिनियापोलिसच्या सनदेत दर रहिवाशामागे ०.००१७ पोलिस कर्मचाऱ्यांचा निधी ठेवणं बंधनकारक आहे. २०२० च्या जनगणनेत वस्ती ४,२९,९५४. गुणाकार करा, ७३१ येतात. तिथे पोलिसाच्या हातून झालेल्या जॉर्ज फ्लॉइड यांच्या हत्येनंतर जून २०२० मध्ये नऊ कौन्सिल सदस्यांनी बागेतल्या व्यासपीठावरून पोलिस खातं मोडीत काढायची शपथ घेतली. हे एक कलम त्या शपथेपेक्षा वरचढ ठरलं. जून २०२२ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने महापौरांना ७३१ ची भरती करा, नाहीतर कारण दाखवा, असं बजावलं.

---

रात्रपाळी:

जमाखर्च यांनी पैशांचं सांगितलं. माझं म्हणणं असं की पथक जगतं की मरतं ते ९११ च्या टेबलावर ठरतं. व्हॅन विकत घेतली, माणसं नेमली आणि कॉल घेणाऱ्यांचं प्रशिक्षण विसरलं, तर व्हॅन पार्किंगमध्ये उभी राहते.

फोन उचलल्यावर पहिल्या मिनिटात ठरवायचं असतं: पत्ता कुठला, हत्यार आहे का, कोणाला इजा झालीय का, कोणाला आत्ता धमकी दिली जातेय का, माणूस वाहत्या रस्त्यात आहे का. पाचही उत्तरं निवळली तर कॉल पथकाकडे जाऊ शकतो. पण घेणाऱ्याला भीती असते की चुकलं तर आपल्यावर येईल, म्हणून तो सवयीने पोलिस पाठवतो. ही भीती तोंडी समजावून जात नाही. लेखी निर्णयतक्ता हवा, 'तक्ता पाळला असेल तर कर्मचाऱ्यावर कारवाई नाही' हे धोरणात लिहिलेलं हवं, आणि पहिले काही महिने रोज वीस-पंचवीस कॉल पुन्हा ऐकून कुठे पथक पाठवता आलं असतं हे तपासायला हवं.

दुसरी अडचण कोडची. कॉम्प्युटरवर कॉलला जो प्रकार लावला जातो त्यात 'मानसिक आरोग्य' हा कोड असतो, पण असे बरेच कॉल 'नको असलेली व्यक्ती', 'संशयास्पद इसम', 'खुशाली तपासणे', 'गोंधळ' या कोडखाली लपलेले असतात. दुकानदार फोन करतो तो 'माणूस दारात बसलाय, हटत नाही' असा. तो आजारी आहे हे त्याला ठाऊक नसतं. म्हणून फक्त मानसिक आरोग्याचा कोड मोजून 'आमच्याकडे असे कॉल फार थोडे' म्हणणाऱ्या अहवालावर विश्वास ठेवू नका. वरच्या चार कोडांतले शंभर-शंभर कॉल काढून त्यांच्या नोंदी वाचायला सांगा.

ऑस्टिनवर वर टीका झाली, पण त्यांनी एक गोष्ट फार चांगली केली. २०२१ पासून ९११ उचलला की विचारतात: पोलिस हवेत, अग्निशमन, रुग्णवाहिका की मानसिक आरोग्य सेवा? चौथा पर्याय फोन करणाऱ्यालाच दिला, आणि समुपदेशक लाइनवर घेतला. कितीतरी कॉल फोनवरच निवळतात, गाडी पाठवावीच लागत नाही. एक चोवीस तासांची खुर्ची म्हणजे पाच पगार, व्हॅनच्या निम्म्याहून कमी. शहर छोटं असेल तर मी व्हॅनच्या आधी ही खुर्ची मागेन.

आकड्यांबद्दल सावध करतो. ऑरेगनमधल्या यूजीन शहरात काहूट्स नावाचं पथक १९८९ पासून होतं, व्हाइट बर्ड क्लिनिकचं. व्हॅनमध्ये एक वैद्यकीय आणि एक संकट-समुपदेशन करणारा. २०१९ मध्ये सुमारे २४,००० कॉल, त्यांपैकी पोलिसांची कुमक मागवावी लागली ३११ वेळा. खर्च वर्षाला २१ लाख डॉलरच्या आसपास, तेव्हा यूजीन आणि शेजारच्या स्प्रिंगफील्डच्या पोलिसांचं मिळून बजेट नऊ कोटी. यावरून 'पोलिसांचे १७ टक्के कॉल हे पथक घेतं' असं देशभर बोललं गेलं. यूजीन पोलिसांनी स्वतःचं विश्लेषण केलं तेव्हा पोलिसांवरचा भार खरोखर हलका झाला होता तो ५ ते ८ टक्के, कारण उरलेले बरेच कॉल असे होते जिथे पोलिस एरवीही गेले नसते: कोणाला निवाऱ्यात पोचव, कोणाची मलमपट्टी कर. मला हे कॉल वायफळ वाटत नाहीत, ते करायलाच हवेत. पण 'इतके कॉल घेतले, म्हणजे इतके पोलिस कमी करा' असा गुणाकार सुनावणीत केलात तर समोरचा पोलिस अधिकारी दोन मिनिटांत तो खोडून काढेल, आणि तुमचं बाकीचं बरोबर असलेलंही वाहून जाईल.

डेन्व्हरचा आधार घ्या, तो जास्त भक्कम आहे. तिथलं स्टार पथक जून २०२० मध्ये सुरू झालं: एक व्हॅन, एक मानसोपचार समुपदेशक, एक पॅरामेडिक, सोमवार ते शुक्रवार, सकाळी १० ते संध्याकाळी ६, तेही शहराच्या मध्यभागी. पहिल्या सहा महिन्यांत ७४८ कॉल, एकही अटक नाही. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२२ मध्ये तपासलं तेव्हा त्या भागात किरकोळ गुन्ह्यांच्या नोंदी ३४ टक्क्यांनी घटल्या होत्या, आणि गंभीर गुन्हे वाढल्याचं दिसलं नाही. छोटं सुरू केलं, मोजलं, मग वाढवलं.

---

सडेतोड:

वरच्या दोघांचं पटतं, पण एक गोष्ट मोकळेपणाने बोलायला हवी. पोलिसांची संख्या कमी झाली की माणसं मरतात, याचे पुरावे आहेत. अमेरिकेतल्या शहरांच्या अनेक वर्षांच्या आकड्यांवर चाल्फिन आणि सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात दर १० ते १७ जादा पोलिसांमागे वर्षाला एक खून टळतो असं निघालं, आणि लोकसंख्येच्या प्रमाणात पाहिलं तर त्याचा सर्वाधिक लाभ कृष्णवर्णीय नागरिकांना होतो. त्याच अभ्यासात दुसरी बाजूही आहे: पोलिस वाढले की फुटकळ कारणांच्या अटकाही वाढतात, आणि त्याचा जाच पुन्हा त्याच वस्त्यांना. मिनियापोलिसमध्ये खातं बदलण्याचा प्रश्न नोव्हेंबर २०२१ मध्ये मतदानाला आला तेव्हा सुमारे ५६ टक्के लोकांनी 'नाही' म्हटलं. ज्यांच्या गल्लीत गोळ्या चालतात त्यांना पोलिस हवे असतात, चांगले वागणारे हवे असतात. त्यांच्या वतीने बाहेरच्यांनी घोषणा देऊ नयेत.

म्हणून मला विचाराल तर पोलिसांचे पैसे कापायची अट न घालता कामं हलवा. मोकळे झालेले तास खून आणि बलात्काराच्या तपासाला द्या. अमेरिकेत २०२१-२२ च्या सुमारास निम्म्याच्या आसपास खुनांचा छडा लागत नव्हता, ही खरी लाज आहे.

तरुणांच्या कार्यक्रमांबद्दल: सगळे सारखे नसतात. शिकागोतल्या शाळकरी मुलांसाठीच्या 'बिकमिंग अ मॅन' या गटचर्चा-कार्यक्रमाची चिठ्ठ्या टाकून निवड करून तपासणी झाली. कार्यक्रम चालू असताना हिंसक गुन्ह्यांतल्या अटका ४५ ते ५० टक्क्यांनी घटल्या, पण तो संपल्यावर परिणाम ओसरला. फिलाडेल्फियात ओसाड भूखंड साफ करून गवत आणि झाडं लावली, तेव्हा गरीब वस्त्यांत बंदुकीची हिंसा २९ टक्क्यांनी कमी झाली. साफ केलेली जागा, चार झाडं, लाकडी बुटकं कुंपण. हा खर्च उद्यान खात्याचा आहे, त्यासाठी पोलिसांशी भांडायचीही गरज नाही.

---

चौकीशेजारी:

भारताबद्दल विचारलंय, म्हणून. आपल्याकडे 'पोलिसांचे पैसे काढा' हा प्रश्न त्या रूपात येतच नाही, कारण लाखामागे पोलिसांची मंजूर पदंच दोनशेच्या खाली आणि त्यातलीही बरीच रिकामी. पण पोलिसांचं काम समाजकार्यकर्त्यांकडे देण्याचा एक जुना प्रयोग मुंबईतच झाला आणि तो अमेरिकेतल्या बहुतेक पथकांच्या आधीचा आहे.

१९८४ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिस आयुक्तालयात 'महिला व बालकांसाठी विशेष कक्ष' सुरू केला. जागा पोलिसांची, माणसं प्रशिक्षित समाजकार्यकर्ते, पगार पोलिसांचा नाही. २००५ मध्ये महाराष्ट्राच्या महिला व बालविकास खात्याने तो आपल्याकडे घेतला आणि कक्ष जिल्ह्याजिल्ह्यांत गेले. पुढे इतर राज्यांनीही उचलला.

मांडणी बघा. नवऱ्याने मारलं म्हणून बाई ठाण्यात येते. एरवी ठाणे अंमलदार अदखलपात्र नोंद करून कागदाची प्रत हातात देतो: 'ताई, कोर्टात जा.' किंवा दोघांना समोर उभं करून दम देतो आणि घरी पाठवतो. कक्षात तिला आधी एकटीला बसवतात, सगळं ऐकून घेतात, तिला काय हवंय ते विचारतात: राहायचंय, वेगळं व्हायचंय, स्त्रीधन परत हवंय, मुलं हवीत. मग नवऱ्याला पत्र जातं. पत्र पोलिस आयुक्तालयाच्या पत्त्यावरून आलेलं असल्यामुळे तो येतो. तेच पत्र एखाद्या संस्थेच्या नावाने गेलं असतं तर तो आला नसता. स्त्रीधन आणायला जायचं झालं तर सोबत हवालदार मिळतो. जिवाला धोका दिसला तर शेजारच्या टेबलावर गुन्हा दाखल होतो, २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडेही जाता येतं.

वडाचीसावली, यातून तुमच्या उपयोगाचं काय, तर पगार कोणाचा हा प्रश्न बसायच्या जागेपेक्षा महत्त्वाचा आहे. कार्यकर्त्याची बढती-बदली ठाणेदाराच्या हातात गेली की तो 'समजूत घाला आणि मिटवा' या वळणावर जातो, कारण वरिष्ठांना प्रकरणं मिटलेली हवी असतात. बसायला पोलिसांकडे, उत्तरदायी दुसऱ्या खात्याला, ही विभागणी म्हणून फार मोलाची. तुमच्या शहरातलं पथक पोलिसप्रमुखाच्या हाताखाली ठेवायचं असा प्रस्ताव असेल तर त्याला विरोध करा. आल्बुकर्की शहराने पोलिस आणि अग्निशमन यांच्या जोडीला 'कम्युनिटी सेफ्टी' असं वेगळं खातंच काढलं, ते त्याच विचाराने.

मानसिक आजाराबाबत मात्र आपल्याकडे कायदा चांगला आणि सोय तोकडी. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, कलम १००: रस्त्यावर भरकटलेल्या आजारी माणसाला पोलिसांनी २४ तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत न्यायचं, कोठडीत ठेवायचं नाही. आणि तालुक्याच्या ठिकाणी नेणार कुठे? हीच अडचण तुमच्या शहरालाही येईल. रात्री तीन वाजता पथकाने माणसाला शांत केलं, आता पोचवायचं कुठे? जागा नसेल तर शेवट हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत, सहा तास खुर्चीवर, आणि व्हॅन तितका वेळ अडकलेली. ॲरिझोनातल्या टूसॉनमध्ये २०११ पासून संकट-केंद्र आहे. पोलिस माणसाला आणतात, तिथे कोणाला परत पाठवत नाहीत, आणि पोलिस दहाएक मिनिटांत मोकळा होतो. तुमच्या कौंटीत असं केंद्र नसेल तर व्हॅनइतकंच हेही मागा.

---

वडाचीसावली:

सगळ्यांचे मनापासून आभार. एक शंका राहिली. काहूट्सबद्दल 'होतं' असं लिहिलंय. बंद पडलं? आणि तीन मिनिटांत नेमकं काय मागायचं?

---

जमाखर्च:

हो. एप्रिल २०२५ मध्ये यूजीनमधली सेवा बंद झाली, पैशांअभावी. पस्तीस वर्षांहून जास्त चाललेलं, देशभर ज्याचे दाखले दिले जात ते पथक, आणि त्याचा ताळेबंद एका छोट्या संस्थेच्या खांद्यावर होता. मला ही बातमी फार लागली.

म्हणून मागणीत पैशांची वाट लिहा. २०२१ च्या केंद्रीय मदत कायद्याने फिरत्या संकट-पथकांच्या मेडिकेड (गरिबांसाठीचा सरकारी आरोग्यविमा) खर्चातला ८५ टक्के वाटा उचलायची सोय केली, पण राज्यामागे तीन वर्षांपुरती. अशा मुदतीच्या पैशांवर दहा कायम पगार टांगू नका. व्हॅन, रेडिओ, प्रशिक्षण हे एकदाचे खर्च त्यातून करा आणि पगार शहराच्या सर्वसाधारण निधीत स्वतंत्र ओळ म्हणून मागा. संस्थेला कंत्राट देणार असाल तर 'आधी खर्च करा, मग बिल लावा' ही पद्धत नको. तीन महिन्यांचं आगाऊ द्या, नाहीतर दोन बिलं अडकली की छोट्या संस्थेचे पगार थांबतात आणि माणसं सोडून जातात.

तीन मिनिटांत मी एवढंच मागेन: ९११ च्या टेबलावर चोवीस तास समुपदेशक, पथकासाठी दहा पदांची पूर्ण तरतूद, पथक पोलिसांबाहेरच्या खात्यात, आणि दर तिमाहीला चार आकडे जाहीर: आलेले पात्र कॉल, पथक गेलेले कॉल, कुमक मागवलेले कॉल, माणूस शेवटी कुठे पोचवला. दुसरा आकडा पहिल्याच्या निम्म्याहूनही कमी दिसला तर दोष व्हॅनमध्ये शोधू नका, टेबलावर शोधा.

---

रात्रपाळी:

एक भर. कोडांचे आणि ओव्हरटाइमचे आकडे माहिती अधिकाराच्या तिथल्या अर्जाने मागावे लागतील, आणि उत्तराला आठवडे लागतात. अर्जात 'मानसिक आरोग्याचे सगळे कॉल' असं मोघम लिहू नका, नकार येतो किंवा भलं मोठं शुल्क. कोडचं नाव, तारखा, रकाने (वेळ, कोड, पोचायला लागलेली मिनिटं, जागेवर घालवलेली मिनिटं, निकाल) आणि 'एक्सेल फाइलमध्ये' असं लिहा. सुनावणी महिन्याभरावर असेल तर अर्ज आजच टाका.